सार्वजनिक प्रसाधनगृहाची फिटिंग: इंदुरात टाकीच्या पाण्यावर काय चालते, काय नाही

इंदुरात एखादे मंगल कार्यालय, धर्मशाळा, कोचिंग क्लास किंवा दवाखान्याचे प्रसाधनगृह नव्याने करायचे ठरले की खरेदी बहुधा दोन पद्धतींनी होते. एक तर घरी बसवलेत तेच नळ डझनाने आणायचे. नाहीतर मॉलमध्ये पाहिलेले सगळे एकदम उचलायचे: दाबून सोडायच्या तोट्या, भिंतीतले फ्लश व्हॉल्व्ह, सेन्सरची युरिनल. पहिल्या पद्धतीत नळ लवकर ढिले पडून गळतात. दुसरीत खर्च जास्त होतो आणि पहिल्याच मोठ्या कार्यात कळते की तोट्या बंद होत नाहीत आणि फ्लशला जोर नाही.

हे परीक्षण या फिटिंगच्या प्रकारांचे आहे, कंपन्यांचे नाही. एकाच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या इमारतीला अगदी योग्य वस्तूही असते आणि पूर्ण निरुपयोगी वस्तूही. समोर धरलेली जागा अशी: ३००-४०० माणसांचे एकमजली किंवा दुमजली मंगल कार्यालय, गच्चीवर टाकी, तीत नर्मदेचे पाणी आणि उन्हाळ्यात बोरिंगचे किंवा टँकरचे. राजेंद्रनगर, सुदामानगर, टिळकनगर, कुठेही गेलात तरी चित्र साधारण हेच असते.

घरची आणि सार्वजनिक वस्तू वेगळी का, हे आधी नीट कळले की निम्मी खरेदी आपोआप सुटते. घरातली माणसे नळासाठी तीन कामे नकळत करतात. नळ पूर्ण बंद करतात, फ्लशची टाकी भरेपर्यंत थांबतात आणि थेंब पडू लागला की प्लंबरला बोलावतात. कार्यालयात ही तिन्ही कामे कोणी करत नाही. माणसे वाईट असतात म्हणून नव्हे. हातात लहान मूल असते, मागे रांग असते, आणि थेंब आजचा की महिन्याचा हे पाहुण्याला कळायचे कसे? म्हणून सार्वजनिक फिटिंगमध्ये ही कामे यंत्रावर सोपवलेली असतात. ती स्वतः बंद होते, पुढच्या माणसाला थांबवत नाही आणि हाताने उघडून नेता येत नाही. रेल्वेच्या डब्यातली खालून वर दाबायची तोटी हे याचे सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण. तळहात काढला की पाणी बंद.

म्हणजे सार्वजनिक फिटिंग ही घरच्या फिटिंगची जाड आवृत्ती नाही. ते वेगळे यंत्र आहे आणि यातली बरीच यंत्रे पाण्याच्या दाबावर चालतात. आपल्याकडची चूक इथेच होते.

आधी टाकीची उंची मोजा

दहा मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट उंचीवरच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. प्लंबर ज्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतात तो हाच. आता हिशेब करा. एकमजली कार्यालयाचा स्लॅब १४ फुटांवर, त्यावर ३ फुटांचा ओटा, ओट्यावर टाकी. बेसिनची तोटी जमिनीपासून ३ फुटांवर. टाकीच्या तळापासून तोटीपर्यंत १४ फूट राहिले. दाब झाला सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. त्यातून एल्बो, अर्ध्या इंची पाईप आणि दोन अँगल कॉक पार करून पाणी येणार.

बहुतेक प्रेसमॅटिक, म्हणजे दाबून सोडायच्या, तोट्या आणि सेन्सर नीट चालायला अर्धा किलो तरी दाब मागतात. फ्लश व्हॉल्व्ह त्याहून जास्त मागतो. ही अट खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेली असते. दुकानात 'मिनिमम वर्किंग प्रेशर' किती, असे विचारा. उत्तर तोंडी न घेता कागदावर बघा.

मोजणे अवघड नाही. शून्य ते चार किलोचा प्रेशर गेज अर्ध्या इंची सॉकेटने बेसिनखालच्या अँगल कॉकला लावा, एकदा सगळे नळ बंद असताना वाचा आणि एकदा शेजारचे दोन नळ पूर्ण उघडून. दुसरा आकडा खरा, कारण लग्नाच्या दिवशी तुमचा नळ एकटा उघडा नसणार. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर उंची पुरेशी आहे पण पाईप बारीक आहे किंवा आतून चुन्याने भरला आहे. अशा वेळी नव्या तोट्यांचे पैसे आधी पाईपवर घाला.

प्रेसमॅटिक तोटी: घ्यावी, पण जागा बघून

जॅक्वारच्या एका श्रेणीचे हे नाव. आता बाजारात कोणत्याही कंपनीची पुश कॉक असली तरी प्रेसमॅटिकच म्हणतात. वरची टोपी दाबली की पाणी सुरू, काही सेकंदांनी आपोआप बंद.

आत एक कार्ट्रिज असते, अंगठ्याएवढी किंवा थोडी मोठी. तीत स्प्रिंग, दट्ट्या आणि एक छोटी पोकळी. टोपी दाबली की दट्ट्या खाली जातो, पोकळीतले पाणी बाहेर ढकलले जाते आणि मुख्य वाट उघडते. मग पोकळी पुन्हा भरू लागते, पण भरते ती एक मिलीमीटरहूनही बारीक भोकातून किंवा खाचेतून. ती भरता भरता दट्ट्या वर येतो आणि वाट बंद होते. तोटी किती सेकंद चालणार हे त्या बारीक भोकावर ठरते. घड्याळ म्हणायचे तर तेच घड्याळ.

यामुळे बिघाडही ठरलेले दोनच. भोक चुन्याने किंवा रेतीने बुजले की पोकळी भरत नाही, दट्ट्या वर येत नाही आणि तोटी वाहतच राहते. मिनिटाला ४ लिटर देणारी अशी एक अडकलेली तोटी हजार लिटरची टाकी चार तासांत रिकामी करते. रात्री कार्यालय बंद करून गेलात तर सकाळी टाकी कोरडी. दुसरा बिघाड उलटा: दट्ट्याचे रबरी सील झिजले की पाणी बाजूने पोकळीत शिरते आणि तोटी दाबताक्षणी बंद होते. माणूस पाच-सहा वेळा टोपी ठोकतो, टोपी ढिली होते आणि दोष तिच्यावर येतो.

दोन्ही दुरुस्त्या जागेवर होतात. अँगल कॉक बंद करा. टोपीच्या बाजूला बारीक ॲलन स्क्रू असेल तर तो सोडा; नसेल तर टोपीखालच्या कड्याला कापड गुंडाळून पाना लावा, नाहीतर क्रोमवर ओरखडे उठतात. कार्ट्रिज सरळ वर ओढा. कोमट पाण्याच्या पेल्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून त्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. भोकात सुई किंवा टाचणी घालू नका. पितळ आणि प्लास्टिक मऊ असते, भोक मोठे झाले की सेकंद कायमचे घटतात. नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरतो. स्वच्छ पाण्याने धुऊन सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल, व्हॅसलीन, मशीनचे तेल यांपैकी काही नको, कारण नळात वापरले जाणारे काही रबर तेलाने फुगते आणि दट्ट्या अडकतो. काही कार्ट्रिजमध्ये भोकातून एक बारीक तार प्रत्येक दाबाला मागेपुढे होते आणि भोक आपले आपण साफ राहते. बोरिंगच्या पाण्यावर चालणार असाल तर अशीच मागा. जास्तीचे पैसे इथे सार्थकी लागतात.

पाण्याची बचत खरी आहे. तोटी ८ सेकंद चालली आणि मिनिटाला ४ लिटर दिले तर एका दाबाला अर्धा लिटरच्या थोडे वर. तोच माणूस घरचा क्वार्टर टर्न नळ उघडून मिनिटाला ८ लिटरच्या धारेखाली २५ सेकंद हात धरतो, म्हणजे सव्वातीन लिटर. ४०० माणसांनी दोन-दोनदा हात धुतले तर फरक दोन हजार लिटरच्या वर जातो. टँकर मागवणाऱ्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

बसवताना टाकीतून उतरणाऱ्या लाईनवर पितळी वाय स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळी, जरूर टाका आणि तो अशा जागी ठेवा की जाळी काढायला शिडी लागणार नाही. कार्यालयाच्या हंगामात महिन्यातून एकदा जाळी धुवायची. नवे प्लंबिंग केल्यावर तोटी बसवण्याआधी लाईन पाच मिनिटे मोकळी वाहू द्या. पाईप कापल्याचा चुरा आणि टेफ्लॉनचे तुकडे पहिल्याच दिवशी त्या भोकात जाऊन बसतात. 'नवीच तोटी खराब निघाली' ही तक्रार पुष्कळदा त्यातून येते.

आता जागेचा प्रश्न. मोजलेला दाब पुरत असेल तर शौचालयाबाहेरच्या बेसिनवर प्रेसमॅटिक उत्तम. जेवणघराबाहेरच्या हात धुण्याच्या ओट्यावर मात्र नको. वरण-भात-तूप, मसालेभात, श्रीखंड खाऊन उठलेला माणूस आठ सेकंदांत हात धुऊ शकत नाही. त्याला बोटांचा तुपकटपणा घालवायचा असतो, चूळ भरायची असते, लहान मुलाचे तोंड पुसायचे असते. उष्ट्या हाताने टोपी तीन-चारदा दाबली जाते, टोपीखालच्या फटीत तूप आणि साखर बसते आणि ती चिकट होऊन खालीच राहते.

तिथे पायाने दाबायचा व्हॉल्व्ह लावा. २०२० नंतर हा आपल्या बाजारात सहज मिळू लागला. जमिनीलगत पेडल, पेडलवर पाय आहे तोवर पाणी, पाय उचलला की स्प्रिंगने बंद. यात वेळ मोजणारे भोकच नाही, त्यामुळे चुना तिथे अडत नाही आणि पाव किलो दाबावरही हा चालतो. पंगत उठल्यावर पन्नास माणसे एकदम येतात तेव्हा दोन्ही हात मोकळे राहिल्याने रांग लवकर सरकते. पेडल स्टेनलेस स्टीलचे आणि मागे भिंतीला बोल्टने बसवलेले घ्या. नुसते फरशीला स्क्रूने धरलेले हलते. ओट्याच्या एका टोकाला एक साधा लिव्हरचा नळ ठेवाच, गुडघेदुखीच्या माणसांसाठी आणि तांब्या भरण्यासाठी. याची धार ओट्याच्या तळापासून नऊ-दहा इंच वर हवी, नाहीतर तांब्या खाली मावत नाही.

फ्लश: इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

फ्लश व्हॉल्व्ह म्हणजे टाकीशिवायचा फ्लश. विल्यम एल्व्हिस स्लोन यांनी अमेरिकेत १९०६ मध्ये याची 'रॉयल' नावाची रचना आणली. आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या वर-खाली सारखा दाब असतो तेव्हा तो वाट बंद ठेवतो. दांडा दाबला की वरचे पाणी निसटते, पडदा उचलला जातो आणि पाईपातले पाणी थेट भांड्यात कोसळते. मग पडद्यातल्या एका बारीक भोकातून वरची पोकळी पुन्हा भरते आणि पडदा बसतो. तत्त्व प्रेसमॅटिकचेच, आणि भोक बुजले की होणारा घोटाळाही तोच. फक्त इथे वाहणारे पाणी कितीतरी पट.

याचा मोठा गुण म्हणजे थांबावे लागत नाही. एक माणूस बाहेर, दुसरा आत, फ्लश तयार. टाकीच्या फ्लशचे तसे नाही. ६ लिटरची टाकी मिनिटाला ३ लिटरने भरली तर दोन मिनिटे गेली. नाटकाच्या १५ मिनिटांच्या मध्यंतरात एका संडासाला सातच पूर्ण फ्लश मिळतात. घाईतला माणूस अर्ध्या भरलेल्या टाकीचा फ्लश करतो, मैला जात नाही, तो पुन्हा दाबतो आणि टाकी कधीच भरत नाही. घरी हा प्रसंग येत नाही म्हणून घरी टाकी ठीक.

मग सगळीकडे फ्लश व्हॉल्व्हच का लावू नये? कारण तो ज्या शहरांत जन्मला तिथे रस्त्यावरच्या लाईनचे पाणी चांगल्या दाबाने थेट नळाला येते. आपण नर्मदेचे पाणी जलूदहून इतक्या लांब आणतो, घाट चढवून वर उचलतो, आणि मग प्रत्येक जण ते खालच्या हौदात घेऊन पंपाने गच्चीवर चढवतो. भांड्याजवळ उरतो तो फक्त गच्चीच्या उंचीचा दाब. फ्लश व्हॉल्व्हला सेकंदाला लिटरभराहून जास्त पाणी लागते. अर्ध्या इंची लाईनला ते झेपत नाही. टाकीपासून भांड्यापर्यंत दीड-दोन इंची स्वतंत्र लाईनच हवी. तोट्यांच्या लाईनवर फ्लश व्हॉल्व्ह जोडला तर प्रत्येक फ्लशला बेसिनची धार तुटते.

परीक्षा सोपी आहे. भांड्यामागे पाईपचे तोंड मोकळे ठेवून दहा लिटरची बादली लावा. दहा सेकंदांच्या आत भरली तर फ्लश व्हॉल्व्हचा विचार करा, सात सेकंदांत भरली तर बिनधास्त घ्या. कमी दाबासाठी ४० मिलीमीटरचा, जास्त दाबासाठी ३२ चा असे दोन माप मिळतात. आपल्याकडे गच्चीच्या टाकीवर ४० चाच. तीन-चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर हा छान चालतो, वरच्या मजल्यावर तोच व्हॉल्व्ह रडतो, म्हणून एकच माप सगळ्या मजल्यांना घेऊ नका.

'प्रेशर पंप लावा, होईल' असे सांगितले जाते. अर्ध्या अश्वशक्तीचा घरगुती प्रेशर पंप शॉवरसाठी असतो. एका फ्लश व्हॉल्व्हची मागणी मिनिटाला ६० ते ९० लिटरच्या दराने असते आणि तीही एका झटक्यात. सोबत दाबाखाली पाणी साठवणारे मोठे प्रेशर व्हेसल नसेल तर पंप सुरू होऊन वेग घेईपर्यंत फ्लश संपलेला असतो. शिवाय वीज गेली की तोही गेला.

एकमजली कार्यालयाला आमची शिफारस स्पष्ट आहे: फ्लश व्हॉल्व्ह नको, टाकीचाच फ्लश घ्या, पण तिची भरण्याची वेळ कमी करा. टाकीतल्या फिल व्हॉल्व्हच्या तोंडाशी बहुधा एक छोटी प्लास्टिकची चकती असते, जास्त दाबाच्या पाण्याला आवर घालण्यासाठी. गच्चीच्या टाकीवर ती काढून टाका, जाळी मात्र राहू द्या. कमी दाबाचा फिल व्हॉल्व्ह वेगळा मिळत असेल तर तोच मागा. जोडणीचा पाईप बारीक प्लास्टिकचा न घेता पूर्ण अर्ध्या इंची घ्या. एवढ्याने भरण्याची वेळ चांगलीच खाली येते. टाकी बाहेरची असेल तर ती भांड्याला चिकटून बसवण्यापेक्षा उंच बसवा. देशी भांड्यावर उंच टाकीच्या पाण्याचा मार जोरदार बसतो आणि कमी पाण्यात काम होते. भिंतीतली टाकी घेणार असाल तर समोरच्या प्लेटमधून आतले सगळे भाग निघतात ना, हे दुकानात उघडून बघा. नाहीतर एका वॉशरसाठी टाइल फोडावी लागते.

भांडे, सीट आणि जेट

देशी भांडे, बाजारात ज्याला ओरिसा पॅन म्हणतात ते, सार्वजनिक जागेसाठी आजही सर्वोत्तम. अंगाला काही लागत नाही, मोडण्यासारखा भाग नाही. पण गुडघे दुखणाऱ्यांची संख्या बघता निम्मी भांडी तरी कमोडची हवीत. त्यांची सीट समोरून उघडी, इंग्रजी यू आकाराची घ्या. घरच्या सीटचा पुढचा भाग सगळ्यात आधी ओला आणि घाण होतो. यू सीटमध्ये तो भागच नाही. झाकणही नको. सार्वजनिक जागी झाकणाला कोणी हात लावत नाही आणि त्याचे बिजागर आधी तुटते. सीटचे बोल्ट स्टीलचे हवेत, प्लास्टिकचे नकोत.

भिंतीवर टांगलेले कमोड फरशी पुसायला फारच सोयीचे. युरोपीय मानकानुसार अशा भांड्याने ४०० किलो भार सहन केला पाहिजे. भांडे तो सहन करते. प्रश्न भिंतीचा असतो. साडेचार इंची विटेच्या भिंतीत नुसते बोल्ट ठोकू नका, जमिनीला पाय असलेली लोखंडी फ्रेम बसवा.

जेट स्प्रे ही घरची सोय सार्वजनिक जागी सर्वांत लवकर मोडते, आणि मोडते ती नळीमुळे. घरी आपण वापरानंतर अँगल कॉक बंद करतो किंवा निदान गळती दिसते. कार्यालयात कॉक कायम उघडा, म्हणजे नळी आणि ट्रिगर रात्रंदिवस दाबाखाली. नळी कधीतरी सांध्यातून सुटतेच. त्यात जेटचे तोंड भांड्यात लोंबत राहिले आणि लाईनमध्ये पाणी उलटे ओढले गेले तर घाण पाणी पाईपात शिरू शकते. म्हणून जेट लावायचाच असेल तर त्या लाईनवर पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका आणि स्टीलच्या विणीची नळी घ्या. आमचे मत विचाराल तर खाली लावलेली क्वार्टर टर्न तोटी आणि साखळीने बांधलेला मग यांना कार्यालयात पर्याय नाही.

युरिनल

सेन्सरचे युरिनल चार पेन्सिल सेलवर किंवा विजेवर चालते. सेल संपले की ते नुसते भांडे उरते आणि वास दोन दिवसांत हॉलपर्यंत येतो. सेल बदलण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे, हे ठरल्याशिवाय घेऊ नका. दवाखान्यात, ऑफिसात, जिथे रोज माणूस असतो तिथे हे चांगले. महिन्यातून आठ दिवस उघडणाऱ्या कार्यालयात जुन्या पद्धतीची, आपोआप भरून सायफनने रिकामी होणारी टाकी जास्त भरवशाची. तीन-चार युरिनलला एक टाकी, ना वीज लागते ना दाब. मात्र कार्यक्रम संपला की तिचा कॉक बंद करायचा, नाहीतर ती रात्रभर भरत आणि सांडत राहते.

वासाचे मूळ भांड्यात क्वचितच असते, ते ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या पाणी धरून वास अडवणाऱ्या भागात असते. लघवीतल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो, आम्लता कमी होते आणि कठीण पाण्यातल्या कॅल्शियमसह पिवळट दगडी थर जमतो. बोरिंगच्या पाण्यावर तो झपाट्याने वाढतो. म्हणून बॉटल ट्रॅप हाताने उघडता येणारा घ्या आणि भिंतीत गाडू नका.

चातुर्मासात कार्यालये महिनोन्महिने जवळजवळ रिकामी असतात. फरशीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये वास अडवणारे पाणी असते फक्त दोन इंच; ते हळूहळू सुकते आणि ड्रेनेजचा वास आत येतो. बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन मग पाणी ओता आणि वर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाच्या थराखाली पाणी फार सावकाश सुकते. तुळशीच्या लग्नानंतर कार्यालय उघडताना वास नसतो.

दुकानाच्या काउंटरवर

सियागंजकडे हार्डवेअर घ्यायला गेलात की लोहचुंबक लावून स्टील दाखवतात. त्याने फसू नका. ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरे, पण २०२ लाही चिकटत नाही आणि २०२ ओल्या संडासात गंजते. फरक दाखवणारे टेस्ट लिक्विड मिळते. त्याचा एक थेंब टाकून रंग बघायचा. मोठी ऑर्डर असेल तर दुकानदार नाही म्हणत नाही. पितळी तोटी हातात धरून वजन बघा आणि खोक्यावर आयएस ८९३१ या नळांच्या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का ते पाहा. एरेटर, म्हणजे तोटीच्या तोंडाची जाळी, किल्लीने निघणारा घ्या; हाताने फिरवून निघणारा पहिल्या महिन्यातच कोणाच्या तरी खिशात जातो. आणि तोटीबरोबर तिची कार्ट्रिज आजच सुटी मिळते का, हे विचारा. मिळत नसेल तर तोटी कितीही देखणी असो, सोडून द्या. दहा तोट्यांमागे दोन कार्ट्रिज, ओ-रिंगचा एक जोड आणि सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब कार्यालयाच्या कपाटात असली पाहिजे.

चांगल्या फिटिंगचा सगळ्यात मोठा शत्रू सफाईच्या बादलीत असतो. क्रोमचा थर मायक्रॉनचाही अंश असतो, त्याखाली निकेल. संडास धुण्याचे ॲसिड तोटीवर उडाले की आधी बारीक ठिपके पडतात, मग हिरवट पितळ उघडे पडते. भांड्यात वापरायचे ते भांड्यातच, तोट्यांना साबणाचे पाणी आणि कोरडे फडके. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात सफाई करणाऱ्या बाईंच्या जिवावर बेतते. हे त्यांना खरेदीच्याच दिवशी समजावून सांगा आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा.

इंदूर २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या यादीत पहिले आले, २०२१ मध्ये देशातले पहिले 'वॉटर प्लस', म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारे, शहर ठरले. आपल्या संस्थांच्या प्रसाधनगृहांनी त्या नावाला शोभेसे असावे, असे मनापासून वाटते. त्यासाठी एक संडास तरी चाकाची खुर्ची आत जाईल असा ठेवा: बाहेर उघडणारे दार, ९०० मिलीमीटर मोकळी वाट, ४५० ते ४८० मिलीमीटर उंचीचे भांडे, बाजूला भिंतीत पक्का धरदांडा आणि लिव्हरची तोटी. प्रेसमॅटिक इथे नको, कारण कमजोर हाताला टोपी दाबवत नाही.

आणि बायकांच्या प्रत्येक संडासात दाराच्या आत दोन खुंट्या. एक पर्ससाठी साडेचार-पाच फुटांवर, दुसरी शालूचा पदर किंवा शेला अडकवायला तिच्याहून हातभर दूर. चिकटवायची खुंटी ओलाव्यात आठवड्यात सुटते. दाराच्या आरपार बोल्ट घालून बाहेरून घुमटी नट बसवा. शिवाय फ्लशच्या टाकीजवळ वीतभर रुंद फळी आणि पायाने उघडणारा झाकणाचा डबा.